गीझर गळतोय ते कुठून नाही, कधी ते बघा

नमस्कार. मला स्टुलावर चढून हात वर करून काम करायची सवय आहे, माईकवर बोलायची नाही, तेव्हा सांभाळून घ्या. कमिटीचा फोन आला तेव्हा कळलं की इथे दोन-तीन बाथरूमच्या छताला ओल आलीय, वरचे म्हणतात आमच्याकडे काहीच गळत नाही आणि खालचे म्हणतात मग काय आभाळातून येतंय का. दोघंही खरं बोलत असतात बरं का. गीझर फॉल्स सीलिंगच्या वर लपवलेला असतो, वरच्याला तो वर्षानुवर्षं दिसतच नाही, मग त्याला कळणार कसं.

आधी आमच्या घरचंच सांगतो, दिव्याखाली अंधार म्हणतात ना तसं. मी 24 वर्षं लोकांचे गीझर खोलतोय आणि आमच्याच बाथरूममधला 25 लिटरचा ठिबकत होता, बायको रोज सांगायची, मी रोज म्हणायचो रविवारी बघतो. शेवटी आईने खाली एक प्लास्टिकचा मग ठेवला. आठवड्याने मला म्हणाली, "अरे, सकाळी गीझर लावला की मग निम्मा भरतो, नंतर दिवसभर कोरडाठाक, हे कसलं गळणं?" आणि मी तिथेच थांबलो, कारण आईने जे पाहिलं होतं ते आमच्यातली निम्मी पोरं बघत नाहीत.

आपल्याकडचा उभा गीझर घ्या. गार पाण्याचा पाईप खाली, गरम पाण्याचा खाली, कॉईलचं झाकण खाली, सेफ्टी व्हॉल्व्ह पण खालीच. म्हणजे टाकी वरून फुटली तरी पाणी आतल्या फोममधून झिरपत खालीच येणार आणि थेंब जिथे लोंबतोय तिथेच गळतंय असं आपल्याला वाटणार. म्हणून कुठून गळतंय हे नंतर, आधी कधी गळतंय ते बघा.

आता आईचा निम्मा मग. पाणी तापलं की फुगतं, 25 डिग्रीचं 70 डिग्रीवर नेलं तर साधारण 2 टक्के, म्हणजे 25 लिटरमागे जवळजवळ अर्धा लिटर. पूर्वी हे जास्तीचं पाणी गार पाण्याच्या लाईनमधून गुपचूप मागे, गच्चीवरच्या टाकीकडे सरकायचं. आता गीझरच्या तोंडाशी असा व्हॉल्व्ह असतो जो पाणी मागे जाऊच देत नाही, मग प्रेशर वाढतं आणि तोच व्हॉल्व्ह बाजूच्या छोट्या भोकातून ते सोडून देतो. तापताना ठिबकणं आणि तापून झालं की थांबणं, हे त्याचं कामच आहे. लोक घाबरून गीझरच बदलतात, कशाला? त्या भोकाला एक बारीक नळी लावून जाळीपर्यंत आणा, झालं. पण गीझर बंद असतानाही तिथूनच थेंब येत असेल तर एक तर व्हॉल्व्हमध्ये खार अडकलाय किंवा लाईनचं प्रेशरच जास्त आहे. उंच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यांना हे हमखास होतं, कारण दर 10 मीटर उंचीमागे 1 बार प्रेशर वाढतं, त्यात कुणी प्रेशर पंप बसवला की बघायलाच नको.

तर मी निवांत झालो, आणि दोन महिन्यांनी आई म्हणते, आता मग रात्री पण भरतोय, आणि पाणी चहासारखं दिसतंय. संपलं. खालचं कव्हर काढलं तर फोम पिळून घ्यावा इतका भिजलेला, पत्र्याला गंजाचे ओघळ. आत लोखंडी टाकीला काचेसारखा थर असतो आणि टाकीच्या ऐवजी स्वतः झिजायला एक मॅग्नेशियमचा रॉड बसवलेला असतो, तो संपला की पाणी टाकीला खायला लागतं. आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी, रॉड वर्षा-दोन वर्षांनी बघायला पाहिजे, मी सात वर्षं बघितला नव्हता! टाकीला भोक पडलं की तिला एम-सील लावून काही होत नाही, मी दुसऱ्यांना हेच सांगतो आणि स्वतः लावून बघितलं, चार दिवस टिकलं.

थेंब कमी दिसतो म्हणून सोडू नका. सेकंदाला एक थेंब, वीस थेंबांचा एक मिली धरा, दिवसाला चार लिटरच्या वर जातं आणि ते सगळं स्लॅबमध्ये मुरतं. पाणी दिसलं नाही तरी त्याच्या खुणा दिसतात. नटाभोवती पांढरा खरपुडा, पितळेवर हिरवट डाग, गीझरच्या खालच्या कडेचा रंग फुगलेला, भिंतीच्या हुकाजवळ तपकिरी रेघ. हुकाची रेघ मला सगळ्यात जास्त नको वाटते, नुसतं पाणीच 25 किलो आहे वर, आणि खाली आपण डोळ्यात साबण घेऊन उभे.

थंडीत आंघोळीच्या वाफेने गार पाण्याचा पाईप घामेजतो, ते गळणं नाही. पाईप पुसा, एक्झॉस्ट लावा, अर्ध्या तासाने टिश्यू पेपर फिरवा. एकाच ठिकाणी ओला झाला तर वॉशर गेलाय.

आणि गीझर लावला की ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडतोय, तर बाहेर टिपूस नसला तरी कॉईलची नळी चिरून पाणी आत गेलेलं असू शकतं. काही जण ईएलसीबीच बायपास करून घेतात, हात जोडतो, असं करू नका.

हां काकू, विचारा ना. काय म्हणालात, प्लंबरने त्या भोकाला बूच मारून दिलंय? कधी? दिवाळीत? अहो काकू, म्हणजे फुगलेल्या पाण्याला जायला जागाच नाही, थर्मोस्टॅट कधी चिकटला, म्हणजे पाणी तापलं तरी गीझर आपोआप बंदच झाला नाही, तर ती टाकी फुटेल. घरी आता कोण आहे? त्यांना फोन लावा, म्हणावं गीझरला हात लावू नका, मेन स्विच बंद करा, मी पाना घेऊन येतो वर, बाकीचं आल्यावर बोलू.