निजामाच्या झेंड्यावरचा कुलचा

नमस्कार मंडळी.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला बोलायला उभं राहिलं की हुतात्मे, रझाकार, पोलीस ॲक्शन हे विषय ठरलेलेच. ते आपण घरोघरी ऐकत मोठे झालो. म्हणून मी आज झेंड्यावर बोलणार आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं हैदराबाद संस्थान पडलं आणि आपल्याकडं, मराठवाड्यात, तिरंगा लागला हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी उतरला तो झेंडा कसा होता, हे इथल्या किती जणांना सांगता येईल?

तो पिवळा होता. मधोमध पांढरा गोल. वर 'अल अजमतुलिल्लाह', म्हणजे थोरवी ईश्वराची. खाली 'या उस्मान'. आणि मध्ये 'निजामुल्मुल्क आसफजाह', घराण्याच्या मूळपुरुषाचा किताब. देवाचं नाव वर आणि राजाचं खाली. एवढी नम्रता निदान कापडावर तरी होती.

आता तो गोल. बघणाऱ्याला चंद्र वाटतो, पण आख्यायिका म्हणते तो कुलचा आहे. खायचा कुलचा! पहिला निजाम मीर कमरुद्दीन सूफी संत निजामुद्दीन औरंगाबादी यांच्याकडं गेला. संतांनी पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे पुढं केले. भुकेल्या कमरुद्दीननं सात खाल्ले, आणि संत म्हणाले, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. म्हणून फडक्याचा पिवळा रंग आणि मध्ये कुलचा. या संतांचा दर्गा आजही औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात आहे आणि कमरुद्दीनची कबर जवळच खुलताबादला. म्हणजे हैदराबादच्या झेंड्याची ही कथा मुळात आपल्या मातीतली. तेव्हा राजधानीही औरंगाबादच होती. ती हैदराबादला गेली १७६३ मध्ये.

पिढ्या मोजल्या तर खरंच सात भरतात. कमरुद्दीनपासून शेवटचा निजाम उस्मान अलीपर्यंत बापामागून मुलगा अशी सरळ ओळ लागते. मात्र पहिल्या आणि दुसऱ्या निजामाच्या मध्ये नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग असे तिघं गादीवर बसून गेले. त्यांना आसफजाहांच्या यादीत धरत नाहीत. मला विचाराल तर भाकिताआधी हिशोब झाला असावा, पण गोष्ट झकास आहे यात वाद नाही.

आपल्या आज्या-पणज्यांसाठी तो कुलचा नव्हता, मोगलाई होती, म्हणजे निजामाचा अंमल. संस्थानाचं चलन वेगळं, हाली सिक्का. रेल्वे वेगळी. जून १९४७ मध्ये निजामानं फर्मान काढलं की इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र. संविधान सभेनं २२ जुलैला तिरंगा स्वीकारला, पण आपल्याकडं तो लावणं हा गुन्हा. १५ ऑगस्टला देश झेंडावंदन करत होता आणि आपल्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ अटकेत होते. उरलेल्या देशानंतर तेरा महिन्यांनी आपल्या गावांवर तिरंगा आला. गंमत बघा, झेंडा उतरला पण माणूस उतरला नाही: तोच उस्मान अली १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा प्रमुख होता.

आता नांदेडचं सांगतो, कारण मला खरं तेच सांगायचंय. जिथं तिरंगा लावला म्हणून माणसं तुरुंगात गेली, त्याच मुलखात आज तो तयार होतो. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती हे देशातल्या मोजक्या ध्वजनिर्मिती केंद्रांपैकी एक. कापड उदगीरचं, शिलाई नांदेडची. माप नेहमी तीनास दोन, चक्राच्या आऱ्या चोवीस, आणि चक्र दोन्ही बाजूंनी नेमकं जुळलेलं. सर्वांत मोठा झेंडा एकवीस फूट बाय चौदा फुटांचा.

डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावरचं पॉलिस्टरही चालायला लागलं. झेंडे स्वस्त झाले, ते ठीक. पण खादीच्या मागणीवर त्याचा भार पडणारच. आपल्या मंडळाचा झेंडा कुठला आहे, ते मी मघाशी स्टेजमागं जाऊन बघितलं. पॉलिस्टर! तेव्हा कार्यकारिणीला माझी मागणी आहे, २६ जानेवारीच्या आधी नांदेडहून खादीचा एक मागवा. आपल्या हॉलला तीन फूट बाय दोन फुटांचा पुरेल. पैसे मी देतो, कुरिअरचं तुम्ही बघा.