गोल्फ क्लबचा कॅप्टन नेमका करतो काय?

नमस्कार मंडळी!

कॅप्टन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? नाणेफेक, फिल्डिंग लावणं, बोलर बदलणं आणि हरल्यावर अख्ख्या गावाच्या शिव्या खाणं. आता गोल्फ बघा. ज्याचा चेंडू त्याने मारायचा, ज्याचा त्याने शोधायचा. मग तिथे कॅप्टन हवा कशाला?

त्यासाठी स्कॉटलंडला जावं लागेल. साल 1744. एडिनबराजवळ लीथ नावाचं बंदर आणि तिथलं गवताळ मैदान. शहराच्या नगरपालिकेने बक्षीस लावलं, एक चांदीचा क्लब. क्लब म्हणजे संस्था नव्हे बरं का, खेळायची काठी! अट अशी की जो जिंकेल तो वर्षभर ‘कॅप्टन ऑफ द गोल्फ’. खेळावरून भांडण झालं तर निवाडा त्याने करायचा. मैदानाची देखरेख त्याच्याकडे. रस्ता वगैरे काढून कोणी मैदानात घुसखोरी केली, तर नगरपालिकेकडे तक्रारही त्यानेच करायची. म्हणजे अतिक्रमणाचं दुखणं पावणेतीनशे वर्षं जुनं आहे!

पहिला विजेता जॉन रॅट्रे, पेशाने सर्जन. मैदानात पाचच होल, म्हणजे चेंडू घालायचे खड्डे, होती. त्याने दोन फेऱ्या केल्या, फटके लागले 60. दहा होलना साठ! आज क्लबात कोणी एवढे फटके मारले तर मागचे लोक घड्याळ बघायला लागतील. पण गोल्फचे जे सगळ्यात जुने लिखित नियम आज हातात आहेत, तेरा कलमांचे, त्यांच्याखाली सही आहे या रॅट्रेची, कॅप्टन म्हणून.

पुढच्याच वर्षी हा गृहस्थ ब्रिटनच्या राजाविरुद्धच्या बंडात सामील झाला. गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टच्या फौजेचा वैद्य म्हणून गेला, 1746 च्या कलोडनच्या लढाईनंतर पकडला गेला. फाशीच व्हायची, पण डंकन फोर्ब्स मध्ये पडले. फोर्ब्स म्हणजे स्कॉटलंडचे सर्वोच्च न्यायाधीश. आणि गोल्फमधले गडी! रॅट्रे सुटला, घरी आला आणि 1751 मध्ये पुन्हा तीच स्पर्धा जिंकून पुन्हा कॅप्टन झाला. क्लबातल्या ओळखी कामाला येतात म्हणतात ते असं.

आता चला सेंट अँड्र्यूजला, हेही स्कॉटलंडमधलंच गाव. तिथे 1754 मध्ये 22 जणांनी मिळून असाच चांदीचा क्लब आणला. सुरुवातीला इथेही जिंकेल तोच कॅप्टन. पण लवकरच एक गोष्ट ध्यानात आली असणार, की उत्तम फटका मारणारा माणूस उत्तम यजमान असेलच असं नाही. एकोणिसाव्या शतकात कॅप्टन निवडायला लागले. मग जुन्या स्पर्धेचं काय करायचं? त्यांनी जी युक्ती काढली ती मला फार आवडते. स्पर्धा चालूच ठेवली, फक्त स्पर्धक एकच! सप्टेंबरमधली सकाळ, आठचा ठोका. नवा कॅप्टन पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा, मागे माजी कॅप्टन मंडळी. त्याने चेंडू मारला की शेजारची तोफ उडते, धडाम्! त्या एका फटक्यात तो स्पर्धा जिंकतो. समोर मैदानात कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारी मंडळी, पांगून उभे असतात. चेंडू जो पकडेल, त्याने तो कॅप्टनला परत आणून द्यायचा आणि सोन्याचं नाणं घ्यायचं. कॅप्टनच्या अंगात किती दम आहे हे कॅडींना पक्कं ठाऊक. त्यामुळे ते किती जवळ येऊन उभे राहिलेत, यावरूनच त्याची लायकी गावाला कळते!

मग तो आपल्या नावाचा चांदीचा चेंडू त्या काठीला अडकवतो. वर्षानुवर्षांचे चेंडू द्राक्षाच्या घडासारखे लोंबत असतात. याच क्लबात 1922 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स कॅप्टन होता, तोच पुढे आठवा एडवर्ड झाला. बायकांना सभासद करून घ्यायला मात्र या क्लबाला 2014 साल उजाडावं लागलं. तोफ वेळेवर, अक्कल उशिरा.

हे झालं बड्यांचं. ब्रिटनमधल्या साध्या गावठाणातल्या क्लबात तोफ नसते, गंमत तीच असते. ड्राइव्ह-इनच्या, म्हणजे नव्या कॅप्टनच्या पहिल्या फटक्याच्या, दिवशी सगळे सभासद हातात कॉफी घेऊन जमतात. कॅप्टनचा चेंडू कुठे पडणार यावर पैज. प्रत्येकाने थोडे पैसे भरायचे आणि आपल्या अंदाजाच्या जागी गवतात खुंटी रोवायची. चेंडूच्या सर्वांत जवळ ज्याची खुंटी, त्याला बक्षीस. बाकीचे पैसे कॅप्टनने वर्षासाठी निवडलेल्या धर्मादाय कामाला. दीडशे डोळे आपल्या कोपरावर खिळलेत, हात थरथरतोय, आणि चेंडू जातो वीस पावलांवर, तोही झुडपात! हा किस्सा मग वर्षभर बारमध्ये पुरतो.

पुढे काय? जेवणं! शेजारच्या क्लबांची वार्षिक जेवणं, त्यांच्याशी सामने, परतीचे सामने. प्रत्येक ठिकाणी ब्लेझर आणि टाय, प्रत्येक ठिकाणी चार शब्द. ‘कॅप्टन्स डे’ला बक्षिसं बहुतेकदा स्वतःच्या खिशातून. नव्या सभासदाला चारचौघांत ओळख करून द्यायची, जुना सभासद गेला तर त्याच्या अंत्यविधीला क्लबच्या वतीने हजर राहायचं. कोणी फार हळू खेळतो, कोणी जीन्स घालून आला, कोणी स्कोअर जरा प्रेमाने लिहितो, अशी सगळी गाऱ्हाणी त्याच्याच कानावर. लग्नघरातला यजमान बघा, जो पंगतीत फिरत असतो आणि स्वतः शेवटी जेवतो. तसंच.

आपल्याकडे हे इंग्रजांबरोबर आलं. कोलकात्याचा गोल्फ क्लब 1829 चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईतही 1842 च्या सुमारास गोल्फ मंडळी जमली होती. त्यांनी सेंट अँड्र्यूजला एक चांदीचं पदक भेट दिलं. बॉम्बे मेडल म्हणतात त्याला. भारतातल्या बऱ्याच क्लबांत आज अध्यक्ष वेगळा आणि गोल्फचा कॅप्टन वेगळा असतो.

आणि या सगळ्या उठाठेवीबद्दल कॅप्टनला मिळतं काय? भिंतीवरच्या लाकडी फळीवर सोनेरी अक्षरांत नाव, आणि दाराजवळची एक राखीव पार्किंगची जागा. वर्ष संपलं की फळीवरचं नाव राहतं. पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी.