फिश टँकमधलं शेवाळ आणि अण्णांच्या घरची चादर

नमस्कार श्रोतेमंडळी. ज्यांच्या घरी फिश टँक आहे आणि त्यात खरी झाडं लावलीयत, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. काचेवर हिरवा थर, पानांवर केसासारखे धागे, नाहीतर सगळं पाणीच हिरवंगार, ही तक्रार ऊन तापायला लागलं की आपल्या सोलापुरात हमखास ऐकू येते, आणि मग माणूस दुकानात जाऊन शेवाळ मारायचं औषध घेऊन येतो. औषधाच्या आधी लाइट बघा. परत सांगतो, औषधाच्या आधी लाइट बघा.

झाडांना लाइट लागतो, कार्बन डायऑक्साइड लागतो आणि खत लागतं, तिन्ही एकमेकांच्या मापात. पंगतीत वाढपी वाढतच सुटला आणि जेवणाऱ्याला तेवढं संपेना तर ताटात उरतं आणि उरलेल्यावर माशा बसतात, तसलंच हे शेवाळ. झाडं दमली की उरलेल्या उजेडावर आणि खतावर ते पोसतं.

आता अण्णांची गोष्ट सांगतो, ही मला सांगायला फार आवडते. आपल्या पूर्व भागात माझ्या ओळखीचे एक अण्णा आहेत, घरात पिढ्यान्‌पिढ्या मागाचं काम. हॉलमध्ये तीन फुटी टँक, समोर पश्चिमेची खिडकी, म्हणजे दुपारी तीननंतरचं ऊन सरळ काचेवर. वरचा एलईडी सकाळी उठल्यावर लावायचा तो रात्री झोपताना बंद. पाणी इतकं हिरवं झालं होतं की मासा काचेला येऊन चिकटला तरच त्याचं तोंड दिसायचं! अण्णांचा उपाय एकच, सगळं पाणी काढा आणि नवीन भरा. आता आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकराला मी काय सांगू. वहिनी चिडल्या, म्हणाल्या, "अहो काय करायलात तुम्ही, प्यायचं पाणी माशांच्या पायी ओतायलात!" आणि त्यांचं खरंच होतं, कारण पाणी बदललं तरी काचेवर, वाळूत, फिल्टरच्या स्पंजात शेवाळाच्या पेशी राहतातच, आणि वरून तोच लाइट, तेच ऊन, की थोड्याच दिवसांत परत हिरवं.

मी म्हटलं, अण्णा, पाणी राहू दे, टँक झाका. तीन-चार दिवस पूर्ण अंधार, लाइट बंद, खिडकीचा उजेडसुद्धा नको. झाकायचं कशानं, तर त्यांनी कपाटातून घरचीच जाड चादर काढली, आणि ती चारी बाजूंनी अशी बसली की उजेडाला फट नाही. (चादर म्हणजे अस्सल सोलापुरी बरं का, रस्त्यावर सोलापुरी म्हणून जी हलकी नक्कल विकतात ती नव्हे. आपल्या गावच्या मालाला आपणच ओळखलं नाही तर बाहेरचा कशाला ओळखेल, हे मी जिथं संधी मिळेल तिथं बोलतो.)

पण घरात नातू! तो मोबाइलचा टॉर्च घेऊन दर तासाला कोपरा उचलून बघणार. शेवटी अण्णांच्या आईनं खुर्ची टाकली टँकशेजारी आणि तिथंच बसून राहिल्या, जपमाळ हातात, कुणाला चादरीला हात लावू देईनात. मला विचारलं, "मासे भ्यायचे नाहीत ना रे अंधारात?" मी म्हटलं, आजी, धडधाकट माशाला तीन-चार दिवस अन्न नसलं तरी चालतं, अंधाराचं त्याला काही नाही, पण हवेचा पंप बंद होऊ देऊ नका. हे नीट ऐका मंडळी, हवेचा पंप चालूच पाहिजे. अंधारात झाडं ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट घेतात, शेवाळ मरून कुजतं तेही ऑक्सिजन खातं, आणि आपल्या उन्हाळ्यातल्या गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो.

चौथ्या दिवशी चादर काढली. हिरवेपणा गेला होता, पाणी जरा धुरकट होतं, आणि मागची काच दिसली तसा नातू ओरडला, "आजी, तिसरा मासा जिवंत हाय!" तो मेला असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. मग साधारण निम्मं पाणी बदललं, म्हणजे मेलेल्या शेवाळातून सुटलेलं खत बाहेर गेलं, आणि वहिनींनी ते पाणी कुंड्यांना घातलं.

आता झाकणं हा तात्पुरता इलाज, नुसतं झाकून सोडलं तर परत येतं. खिडकीला जाड पडदा लावला. लाइट रोज सहा तास, टायमरवर. नवीन टँकला सहाच तास द्या, झाडं धरली की हळूहळू आठपर्यंत न्या, त्यापुढं गरज नाही. सहा ते आठ तास, टायमरवर, लक्षात ठेवा. एलईडी फार कडक असेल तर जरा उंच टांगा. हॉर्नवर्ट, व्हॅलिसनेरिया अशी भराभर वाढणारी झाडं टाका, ती खत ओढून घेतात. नवीन टँकमध्ये तपकिरी पावडर बसते तिला घाबरू नका, ती बहुतेक वेळा आपोआप जाते, मध्ये मध्ये पुसत राहा.

आणि एक, वाढदिवसाला काचेच्या गोल भांड्यात मासा भेट देऊ नका. त्यात ना फिल्टर बसतो ना झाड, त्या जिवाचे हाल होतात.

टायमर घेताना बॅटरीवाला डिजिटल घ्या. चकती फिरणारा साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढं, म्हणजे दोन तास वीज गेली तर लाइट दोन तास उशिरा बंद होणार, आणि असं साठत गेलं तर टँक मध्यरात्री उजळलेला दिसेल. वेळ तुमच्या सोयीनं लावा, झाडांना सकाळ-दुपारचं काही नसतं. कामावरून संध्याकाळी येत असाल तर दुपारी तीन ते रात्री नऊ लावा, जेवताना टँक बघत बसता येतं. नमस्कार.