बाटल्यांच्या रिसायकलिंगचा टक्का नक्की कुठे मोजतात?

नमस्कार मंडळी! ब्राझीलमध्ये २०२२ साली ॲल्युमिनियमच्या कॅनचं रिसायकलिंग १००.१ टक्के झालं, असं तिथल्या कॅन उद्योगानं जाहीर केलं. शंभरच्या वर! आता विकले त्याहून जास्त कॅन परत येतील कसे? तर टक्का काढताना भागाकारात वरचा आकडा असतो त्या वर्षी परत आलेल्या कॅनचा आणि खालचा त्या वर्षी विकलेल्यांचा, आणि डिसेंबरात विकलेला कॅन भट्टीत जातो पुढच्या वर्षी, त्यामुळे हिशोब थोडा इकडेतिकडे होतोच. पण एक सांगते, हे यश खरंच आहे आणि ते रस्त्यावरून कॅन वेचणाऱ्या लोकांच्या कष्टाचं आहे, त्यांचं नाव आधी घ्यायला हवं.

अमेरिकेत तर कॅनचे दोन टक्के सांगतात, एकात फक्त तिथल्या लोकांनी वापरून दिलेले कॅन, आणि दुसऱ्यात बाहेरून आयात केलेले भंगार कॅनसुद्धा, म्हणून दुसरा टक्का जास्त दिसतो. बातमीत कुठला आलाय ते बघत जा.

आता प्लास्टिकची बाटली घ्या. दाबून बांधलेले बाटल्यांचे गठ्ठे कारखान्याच्या गेटवर येतात, तिथेच वजन केलं तर त्यात झाकणं, लेबलं, चिखल, तळाशी उरलेलं सरबत, सगळं आलं. मग बाटल्यांचा चुरा करून पाण्याच्या टाकीत टाकतात, झाकणाचं प्लास्टिक हलकं असतं म्हणून ते वर तरंगतं आणि बाटलीचं पीईटी नावाचं प्लास्टिक खाली बसतं, लेबल आणि डिंक धुवून निघतो. शेवटी स्वच्छ चुरा उरतो तो गेटवरच्या वजनापेक्षा बराच कमी. म्हणून युरोपियन युनियननं २०१९ मध्ये नियम बदलला, की प्लास्टिक वितळवून दाणे करायला मशीनमध्ये जातं तिथलं वजन धरायचं, नुसतं गोळा केलेलं नाही. माझ्या मते हाच प्रामाणिक हिशोब.

काच आणि प्लास्टिक एकत्र वजनावर मोजलं तर अजून घोळ, कारण काच इतकी जड की काचेचा चांगला टक्का प्लास्टिकचा वाईट टक्का झाकून टाकतो.

सगळ्यात चोख मोजणी डिपॉझिटवाल्या देशांत होते. बाटली घेताना थोडे पैसे जास्त भरायचे आणि रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की परत मिळतात, मशीन बारकोड वाचतं म्हणजे एकेक नग मोजला जातो. लिथुआनियानं २०१६ मध्ये हे सुरू केलं आणि प्लास्टिकच्या बाटल्या परत येण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशवरून दोन वर्षांत ९० टक्क्यांच्या वर गेलं! नॉर्वेत तर परतीचा टक्का वाढेल तसा कंपन्यांवरचा बाटल्यांचा पर्यावरण कर कमी होतो, ९५ च्या वर गेला की शून्य, त्यामुळे तिथे अर्ध्या टक्क्यावरसुद्धा खरा पैसा अवलंबून असतो.

आणि युरोपचं ते गाजलेलं टार्गेट, प्लास्टिकच्या बाटल्यांसाठी २०२९ पर्यंत ९० टक्के, ते वेगळ्या गोळा करण्याचं आहे बरं का, रिसायकलिंगचं नाही, त्यामुळे तो आकडा गाठल्याची बातमी येईल तेव्हा चुरा किती निघाला हे वेगळं विचारावं लागेल.