सहज न हरणारा संघ : स्रेच्को कातानेत्स यांची कारकीर्द

श्रोतेहो, नमस्कार.

18 जानेवारी 2024 रोजी कतारमधील अल रय्यानच्या मैदानावर आशिया चषक स्पर्धेत भारताचा सामना उझबेकिस्तानशी झाला, तेव्हा मध्यंतरापूर्वीच आपण तीन गोल खाल्ले होते आणि सामन्याचा निकालही 3-0 असाच लागला. टीव्हीसमोर बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकांचे लक्ष सुनील छेत्रीकडे आणि प्रशिक्षक इगोर श्टिमाट्स यांच्याकडे होते. समोरच्या बाकावरच्या साठीतल्या उंच गृहस्थांकडे फारसे कोणी पाहिले नसावे. ते होते उझबेकिस्तानचे प्रशिक्षक, स्लोव्हेनियाचे स्रेच्को कातानेत्स. भारताच्या वाटेत ते उभे राहण्याची ती पहिली वेळ नव्हती, त्या जुन्या सामन्याकडे मी पुढे वळणारच आहे. आजच्या भाषणाचा विषय मात्र त्यांची संपूर्ण कारकीर्द हा आहे, कारण ज्या संघांना कोणी हिशेबात धरत नव्हते अशा संघांना सहजासहजी न हरण्याची सवय लावण्याचे काम या माणसाने जवळजवळ पंचवीस वर्षे केले, आणि आपल्याकडे त्यांच्याविषयी फारच थोडे बोलले गेले आहे.

कातानेत्स यांचा जन्म 16 जुलै 1963 रोजी ल्युब्लियाना येथे झाला. तेव्हा ल्युब्लियाना ही युगोस्लाव्हियातील स्लोव्हेनिया या प्रजासत्ताकाची राजधानी होती. त्या देशात फुटबॉलचे वैभव बेलग्रेड, झाग्रेब आणि स्प्लिट या शहरांकडे होते, तर स्लोव्हेनिया हा डोंगराळ, बर्फाळ प्रदेश स्कीइंगसाठी ओळखला जाई. ल्युब्लियानाच्या ऑलिंपिया क्लबमधून सुरुवात करून कातानेत्स झाग्रेबच्या दिनामो संघात आणि तिथून बेलग्रेडच्या पार्टिझानमध्ये गेले. पार्टिझानबरोबर त्यांनी 1986-87 च्या मोसमाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्याआधी 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या युगोस्लाव्ह संघातही ते होते. मधल्या फळीत चेंडू हिसकावून घेणे, गरज पडेल तेव्हा मागे उतरून बचाव सांभाळणे आणि उंचीचा फायदा घेऊन हेडर मारणे हा त्यांचा खेळ होता, आणि अशा खेळाडूचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात क्वचितच ठळक अक्षरांत येते.

1988 मध्ये ते जर्मनीतील श्टुटगार्ट क्लबकडे गेले आणि पहिल्याच मोसमात तो संघ युएफा चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. तिथे गाठ पडली ती मॅराडोनाच्या नापोलीशी. दोन सामन्यांत मिळून 5-4 असा निकाल लागून श्टुटगार्ट हरले. त्यानंतर कातानेत्स इटलीतील जेनोवा या बंदराच्या शहरात, साम्पदोरिया क्लबकडे आले, आणि खेळाडू म्हणून त्यांच्या आयुष्यातला सर्वांत समृद्ध काळ सुरू झाला.

त्या साम्पदोरियाविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण प्रशिक्षक कातानेत्स तिथेच घडले असे माझे मत आहे. मिलान, तुरिन आणि नेपल्स येथील श्रीमंत क्लबांच्या त्या जमान्यात जेनोवाच्या या मध्यम क्लबने प्रशिक्षक वुयादिन बोश्कोव यांच्या हाताखाली इटलीला चकित केले. पुढे व्हियाली आणि मान्चिनी ही जोडी, मागे व्हिएर्कोवोद, गोलमध्ये पाल्युका आणि मधल्या फळीत ब्राझीलचा अनुभवी सेरेझो. याच मधल्या फळीत कातानेत्स होते. 1990 मध्ये या संघाने युरोपीय कप विनर्स चषक जिंकला आणि 1990-91 मध्ये इटलीचे साखळी विजेतेपद मिळवले. साम्पदोरियाचे ते आजवरचे एकमेव साखळी विजेतेपद आहे. पुढच्या वर्षी, 20 मे 1992 रोजी, लंडनच्या वेम्ब्लीवर युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात साम्पदोरियाची गाठ बार्सिलोनाशी पडली. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळ सुरू झाला, आणि 112 व्या मिनिटाला रोनाल्ड कूमनची फ्री किक जाळ्यात गेली. त्या दिवशी साम्पदोरियाच्या पहिल्या अकरा खेळाडूंत कातानेत्स होते.

दरम्यान त्यांचा जुना देश नकाशावरून नाहीसा होऊ लागला होता. युगोस्लाव्हियाकडून ते 31 सामने खेळले आणि 1990 च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या संघातही होते. 25 जून 1991 रोजी स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर केले, आणि नव्या देशासाठी कातानेत्स यांना पाच सामने खेळता आले. 1994 मध्ये, एकतिसाव्या वर्षी, ते खेळाडू म्हणून निवृत्त झाले.

साधारण वीस लाख लोकवस्तीच्या या नव्या देशाचा संघ सुरुवातीला अगदीच कच्चा होता. 1998 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत स्लोव्हेनियाने आठ सामन्यांत मिळून एकच गुण मिळवला होता, तोही क्रोएशियाशी 3-3 अशा बरोबरीतून. 1998 मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रे कातानेत्स यांच्या हाती आली, तेव्हा त्यांचे वय पस्तीसच्या आसपास होते आणि त्यांच्यापाशी प्रशिक्षक म्हणून जेमतेम एकदोन वर्षांचा अनुभव होता. त्यांनी मागे तिघांची घट्ट बचावफळी उभी केली, दोन्ही कडांना न दमता वर-खाली धावणारे खेळाडू ठेवले, आणि पुढे झ्लात्को झाहोविच या अलौकिक गुणवत्तेच्या खेळाडूला मोकळीक दिली. नऊ जणांनी एकासाठी राबायचे आणि त्या एकाने सामना फिरवायचा, अशी ती रचना होती. तिच्यात बळही होते आणि पुढे फुटणारी भेगही होती.

युरो 2000 या युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या पात्रता गटात नॉर्वेच्या मागे दुसरे येऊन स्लोव्हेनियाने प्लेऑफ, म्हणजे दोन सामन्यांची निर्णायक लढत, गाठली. प्रतिस्पर्धी होता शेव्हचेन्को आणि रेब्रोव्ह यांचा युक्रेन. पहिला सामना 13 नोव्हेंबर 1999 रोजी ल्युब्लियानाच्या बेझिग्राद मैदानावर झाला. हे मैदान स्लोव्हेनियाचे थोर वास्तुरचनाकार योझे प्लेच्निक यांनी आखलेले आहे. शेव्हचेन्कोने युक्रेनला आघाडी मिळवून दिली, झाहोविचने बरोबरी साधली, आणि सामना संपायला सहा-सात मिनिटे उरली असताना एक विलक्षण गोष्ट घडली. युक्रेनचा गोलरक्षक शोव्हकोव्हस्की आपली जागा सोडून चेंडू दूर मारण्यासाठी पुढे आला, पण त्याचा फटका थेट मिलेन्को आचिमोविचच्या दिशेने गेला. आचिमोविच मध्यरेषेपासून फार पुढे नव्हता. त्याने मान वर करून रिकामे गोल पाहिले आणि तिथूनच चेंडू उंच उचलला. गोलरक्षक पाठमोरा धावत सुटला, पण चेंडू त्याच्या डोक्यावरून आधीच पुढे गेला होता. सामना 2-1 असा संपला.

चार दिवसांनी कीव्हमध्ये परतीचा सामना बर्फवृष्टीत खेळला गेला. रेब्रोव्हने पेनल्टीवर गोल केला, आणि दोन सामन्यांतले एकूण गोल समान झाल्यास प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाई, त्या नियमामुळे तो निकाल टिकला असता तर युक्रेन पुढे गेला असता. पण 78 व्या मिनिटाला मीरान पावलिनने चेंडू आत ढकलला आणि सामना 1-1 बरोबरीत सुटला. स्वतंत्र होऊन दहा वर्षेही न झालेला देश युरोपातील अखेरच्या सोळा संघांत पोहोचला होता.

त्या स्पर्धेतला पहिला सामना ठरला तो 13 जून 2000 रोजी बेल्जियममधील शार्लरुआ येथे, युगोस्लाव्हियाशी. ज्या देशाचा गणवेश कातानेत्स यांनी सात वर्षे अंगावर घातला होता त्याच्याच नावाचा संघ समोर होता, आणि त्या संघाच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसले होते वुयादिन बोश्कोव. जेनोवात ज्यांच्या हाताखाली ते इटलीचे विजेते झाले, त्याच गुरूंसमोर त्यांना आपली पहिली मोठी परीक्षा द्यावी लागली. झाहोविचचे दोन आणि पावलिनचा एक अशा गोलांनी 57 व्या मिनिटाला स्लोव्हेनिया 3-0 ने पुढे होता. त्यातच युगोस्लाव्हियाच्या मिहायलोविचला लाल कार्ड मिळाले. दहा जणांविरुद्ध तीन गोलांची आघाडी, आणि सामन्यात अर्धा तास बाकी. त्यानंतर 67 व्या, 70 व्या आणि 73 व्या मिनिटाला, म्हणजे अवघ्या सहा मिनिटांत, युगोस्लाव्हियाने तिन्ही गोल फेडले. सामना 3-3 असा सुटला. पुढे स्पेनकडून 2-1 असा पराभव आणि नॉर्वेशी गोलशून्य बरोबरी होऊन स्लोव्हेनियाची स्पर्धा संपली. माझ्या मते शार्लरुआ येथील ती सहा मिनिटे त्या संघाला सर्वांत महागात पडली, कारण तिथे जिंकले असते तर पुढच्या फेरीचे दार उघडले असते.

तरीही त्यापुढची कामगिरी मला कीव्हच्या रात्रीहूनही मोठी वाटते. 2002 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत स्लोव्हेनियाने दहा सामन्यांपैकी पाच जिंकले, पाच बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. रशिया गटात पहिला आला आणि युगोस्लाव्हिया एका गुणाने मागे राहिला. प्लेऑफमध्ये रुमानियाला घरी 2-1 असे हरवून आणि बुखारेस्टमध्ये 1-1 अशी बरोबरी साधून हा संघ कोरियाला निघाला.

आणि तिथे ती भेग फुटली. 2 जून 2002 रोजी ग्वांगजू येथे स्पेनविरुद्ध सामना चालू असताना कातानेत्स यांनी झाहोविचला तासाभराच्या खेळानंतर बाहेर बोलावले. सामना 3-1 असा गेला. ड्रेसिंग रूममध्ये शब्दाने शब्द वाढला, झाहोविचने प्रशिक्षकांविषयी नको ते बोलून टाकले, आणि देशाच्या सर्वांत मोठ्या खेळाडूला स्पर्धेतून घरी पाठवण्यात आले. पत्रकारांसमोर येताना कातानेत्स यांना अश्रू आवरले नाहीत, आणि स्पर्धेनंतर आपण पद सोडणार हेही त्यांनी सांगून टाकले. दक्षिण आफ्रिका आणि पॅराग्वे यांच्याविरुद्धचे उरलेले दोन्ही सामने स्लोव्हेनियाने गमावले. झाहोविचला ठेवून घेतले असते तर निकाल बदलला असता का, यावर पुष्कळ वाद घालता येईल. मला एवढेच वाटते, की ज्या संघाचे सारे बळ प्रत्येकाने दुसऱ्यासाठी धावण्यात होते, त्या संघात प्रशिक्षकांचा शब्द एकासाठी वेगळा ठेवला असता तर बाकीच्यांना काय सांगायचे हा प्रश्न कातानेत्स यांच्यापुढे खरोखरच उभा होता. पण अश्रू ढाळणारा तो माणूस कठोर नव्हता, हेही त्याच दिवशी दिसले.

मॅसिडोनियात पुन्हा तसेच काहीसे घडले. 2006 मध्ये त्यांनी तो संघ हाती घेतला, आणि त्याच वर्षी ओल्ड ट्रॅफर्डवर इंग्लंडला गोलशून्य बरोबरीत रोखले. पुढच्या वर्षी स्कोप्येमध्ये क्रोएशियाला 2-0 असे हरवले. 2009 मध्ये मात्र संघाचा तारा गोरान पांदेव्ह याच्याशी बिनसले आणि ते बाहेर पडले.

तिथून ते संयुक्त अरब अमिरातीत आले, आणि भारताशी त्यांची पहिली गाठ पडली. 2014 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत जुलै 2011 मध्ये अमिरातीचा संघ भारतासमोर होता. तेव्हा आपले प्रशिक्षक होते गोव्याचे आर्मांदो कुलासो, ज्यांनी डेम्पो क्लबला अनेकदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते. अल ऐनमधील पहिल्या सामन्यात पूर्वार्धातच आपल्या दोन खेळाडूंना लाल कार्ड मिळाले, त्यात गोलरक्षक सुब्रत पालही होता, आणि आपण 3-0 असे हरलो. पाच दिवसांनी दिल्लीत मात्र जेजे लालपेखलुआ आणि गौरमांगी सिंग यांच्या गोलांमुळे कुलासो यांच्या संघाने 2-2 अशी बरोबरी साधली. कातानेत्स पुढे गेले खरे, पण दोन महिन्यांतच पुढच्या फेरीतील दोन पराभवांनंतर अमिरातीने त्यांना निरोप दिला.

2013 ते 2017 या काळात ते पुन्हा स्लोव्हेनियाचे प्रशिक्षक होते. युरो 2016 च्या प्लेऑफमध्ये जुन्या युक्रेनने या वेळी बाजी मारली. 5 ऑक्टोबर 2017 रोजी वेम्ब्लीवर इंग्लंडला त्यांच्या संघाने नव्वद मिनिटे रोखून धरले आणि भरपाईच्या वेळेत हॅरी केनने गोल केला. कूमनच्या त्या फ्री किकला तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. स्लोव्हेनियन भाषेत 'स्रेचा' म्हणजे नशीब, आणि स्रेच्को हे नाव त्याच शब्दापासून आले आहे.

पुढे इराक. देशातील अस्थिरतेमुळे नोव्हेंबर 2019 मधील इराणविरुद्धचा घरचा सामना बसऱ्याऐवजी जॉर्डनमधील अम्मानमध्ये खेळावा लागला, आणि तो इराकने 2-1 असा जिंकला. 2021 मध्ये इराक सोडून ते उझबेकिस्तानकडे गेले. 1998 पासूनच्या प्रत्येक विश्वचषकाच्या पात्रता फेरीत खेळूनही तो देश एकदाही पात्र ठरला नव्हता. भारताला हरवणारा तो संघ आशिया चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत यजमान कतारकडून पेनल्टी शूटआऊटमध्ये हरला, पण त्याच वर्षी विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत कातानेत्स यांनी सहा सामन्यांपैकी चार जिंकून दिले. इराणशी गोलशून्य बरोबरी झाली आणि फक्त कतारकडून एक पराभव पत्करावा लागला.

जानेवारी 2025 मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी पद सोडले आणि सूत्रे तिमूर कापाद्झे यांच्याकडे गेली. 5 जून 2025 रोजी अबू धाबीत, कातानेत्स यांच्याच एकेकाळच्या अमिरातीच्या संघाशी 0-0 अशी बरोबरी साधून उझबेकिस्तान पहिल्यांदा विश्वचषकासाठी पात्र ठरला. त्या रात्री त्याच्या खात्यावर 18 गुण होते, आणि त्यांपैकी 13 कातानेत्स यांच्या हाताखाली मिळवलेले होते.