नॉमिनी लावला, पण घर कोणाचे?

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव म्हणून मी चौदा वर्षे काम पाहिले. “नॉमिनी लावून ठेवला आहे, आता घराची काळजी नाही,” हे वाक्य मी त्या काळात जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा देखभाल खर्चाची तक्रारही ऐकली नसेल. आज या एका समजुतीविषयीच बोलणार आहे.

आमचे एक सभासद वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. मागे पत्नी, दोन लहान मुले आणि चिपळूणला राहणारी आई. कपाटातून त्यांचे नामनिर्देशन पत्र काढले, तर त्यावर आईचे नाव होते, कारण सदनिका घेतली तेव्हा त्यांचे लग्न व्हायचे होते आणि नंतर तो कागद बदलायचे कोणालाच सुचले नव्हते. घरात वाद मुळीच नव्हता. आई म्हणाल्या, “मला काही नको, सगळे सुनेच्या नावावर करा.” तरीही ते घर सुनेच्या एकटीच्या नावावर झाले नाही.

याचे कारण असे की नामनिर्देशित व्यक्ती, म्हणजेच नॉमिनी, मालक होत नाही. खऱ्या वारसांच्या वतीने ती मालमत्ता सांभाळते, एवढेच. सहकारी संस्था कायद्यात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे नवे प्रकरण आले, त्यातही अशा व्यक्तीला तात्पुरते सभासद करून घेण्याचीच तरतूद आहे. शेअर्सच्या बाबतीत नामनिर्देशनाने वारसाहक्क बाजूला पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले. बँकेच्या खात्याला 1 नोव्हेंबर 2025 पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात. सोय चांगली आहे, पण तीही पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढ्यापुरतीच.

मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे पुरुषाची स्वकष्टार्जित मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात सारखी वाटली जाते. आईचे नाव या यादीत आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते, आणि वडील या पहिल्या वर्गात नाहीत हे तर त्याहून कमी जणांना. म्हणजे आमच्या त्या सभासदांच्या घराचे चार भाग झाले. आजींनी आपला पाव हिस्सा हक्कसोडपत्र नोंदवून सुनेला दिला. परंतु उरलेले दोन हिस्से अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांचे होते, आणि अज्ञान मुलाच्या नावची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीवाचून आईलाही विकता येत नाही. पतीच्या माघारी घोडबंदर रोडला लहानसे घर घेऊन उरलेल्या पैशात मुलांची शिक्षणे करावीत, हा त्या बाईंचा साधा विचार या एका अडचणीपाशी येऊन थांबला. दोन पानी मृत्युपत्र असते, तर ती वेळच आली नसती.

आता स्त्रियांविषयी. वाशी-नेरूळला स्वतःच्या पगारातून घर घेतलेल्या कितीतरी जणी आहेत. अशी विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता वारली आणि तिचा पती हयात नसेल व मूलबाळही नसेल, तर तिची कमाई तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. विधवा लेकीच्या आईबापांना हे सांगताना माझीच जीभ अडखळली आहे. नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्यांना सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतून मिळणाऱ्या भूखंडांवर बहिणींची नावे लागायची वेळ येते, तेव्हा त्यांना ओवाळणीची साडी आणि हक्कसोडपत्र एकाच दिवशी पुढे केले जाते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतःच हक्क आहे, वडील 2005 च्या कायदादुरुस्तीपूर्वी गेले असले तरीही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी दिला आहे. बहिणीने हक्क सोडावा की नाही, हा तिचा प्रश्न. मात्र सही करण्यापूर्वी तिने कागद घरी नेऊन वाचावा, एवढे मी आवर्जून सांगेन.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे जाऊन ती करावी असे माझे मत आहे, कारण पुढे सहीविषयीच्या शंका कमी होतात. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ते आपल्याहून तरुण असावेत. तलावपाळीवर रोज सोबत बसणारा ब्याऐंशी वर्षांचा मित्र कितीही जिवलग असला, तरी साक्ष देण्याची वेळ येईल तेव्हा तो असेलच असे नाही. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये. मुसलमान कुटुंबांत मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांश मालमत्तेचीच व्यवस्था करता येते, म्हणून त्यांनी आपल्या वकिलाला आधी विचारावे.

मूळ प्रत कोठे ठेवली आहे, हे घरात निदान एकाला ठाऊक असावे. आमच्या आणखी एका सभासदांनी ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली होती. लॉकर त्यांच्या एकट्याच्या नावावर होता, त्याला नॉमिनी नव्हता, आणि तो उघडून मागायला मुलगा गेला, तेव्हा बँकेने त्याच्याकडे वडिलांचे मृत्युपत्र मागितले.