उणे 15 मध्ये दारोदार: असाहिकावातल्या एका एल्डरचा दिवस

(दृश्य: अंधार. मोबाईलचा अलार्म वाजतोय. खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी.)

सकाळचे साडेसहा. बाहेर उणे 15. जपानच्या उत्तर टोकाला होक्काइदो बेट आहे आणि त्याच्या साधारण मधोमध हे असाहिकावा, थंडीचं म्हणाल तर 25 जानेवारी 1902 ला इथे उणे 41 नोंदवलं गेलं होतं आणि जपानचा रेकॉर्ड अजून तोच आहे. अशा गावात दोन खोल्यांच्या एका घरात दोन पोरं उठतायत. एक 19 वर्षांचा, अमेरिकेतल्या आयडाहोचा, घरची बटाट्याची शेती. दुसरा 20 चा, जपानीच, पण ओकिनावाचा, म्हणजे जपानच्या पार दुसऱ्या टोकाचा, जिथे बर्फ पडतच नाही. दोघंही उठल्या उठल्या गुडघ्यावर बसतात, प्रार्थना करतात, मग केरोसीनचा स्टोव्ह लावतात आणि खोली गरम व्हायच्या आत जोर मारायला लागतात, कारण तेवढ्यानेच अंगात ऊब येते.

नावं मी सांगणार नाही, इथे तशीही पहिल्या नावाने कोणी हाक मारत नाही. दोघांच्या छातीवर काळी पट्टी असते, त्यावर आडनाव, आणि त्याच्या आधी एल्डर. जपानी पट्टीवर लिहिलेलं असतं चोरो, म्हणजे वडीलधारा माणूस. 19 वर्षांच्या पोराला वडीलधारा म्हणतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला विचित्र वाटलेलं, पण चार दिवस त्यांच्यामागे फिरल्यावर त्या शब्दाचं वजन कळलं.

हे मॉर्मन मिशनरी. मॉर्मन हे नाव लोकांच्या तोंडात बसलंय, पण 2018 पासून त्यांचं चर्च सांगतं की आमचं पूर्ण नाव घ्या, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने सुरू केलं, मुख्यालय युटामधल्या सॉल्ट लेक सिटीत. आज जगभर यांचे 70 हजारांवर मिशनरी आहेत आणि त्यातले बहुतेक अशीच पोरं-पोरी, शाळा संपवून नुकती घराबाहेर पडलेली. मुलं दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. आधी मुलांना 19 आणि मुलींना 21 लागायचे, 2012 मध्ये ते वय 18 आणि 19 वर आणलं आणि त्यानंतर मुलींची संख्या एकदम वाढली, 2025 च्या शेवटी मुलींचंही 18 केलं.

कुठे जायचं हे आपण ठरवायचं नाही. अर्ज करायचा आणि वाट बघायची. सगळी घरची मंडळी हॉलमध्ये जमतात, पोरगं स्क्रीनवर आलेलं पत्र मोठ्याने वाचतं आणि त्या एका ओळीत कळतं की पुढची दोन वर्षं ब्राझीलला, घानाला की शेजारच्याच राज्यात. आपल्या आयडाहोच्या एल्डरच्या पत्रात लिहिलं होतं जपान, सप्पोरो मिशन, सप्पोरो म्हणजे होक्काइदोचं मुख्य शहर. त्याची आई रडली, वडील नकाशा शोधायला उठले, आणि त्याला स्वतःला सप्पोरो म्हटल्यावर काहीच डोळ्यासमोर येईना, असं तो सांगतो.

आणि याचा पगार नाही हं. उलट पैसे आपणच भरायचे. अमेरिकेतून जाणाऱ्याला 2020 च्या जुलैपासून महिन्याला 500 डॉलर, देश महाग असो की स्वस्त, रक्कम तीच, सगळं एका खात्यात जमा होतं आणि तिथून जिथे जितकं लागेल तितकं वाटलं जातं. या पोराने शाळेत असताना दोन उन्हाळे बटाट्याच्या शेडमध्ये काम करून निम्मे पैसे साठवले, उरलेले घरच्यांनी घातले.

(दृश्य: सकाळचे आठ. टेबलावर दोघं समोरासमोर. वह्या, धर्मग्रंथ, भाताचं भांडं.)

आठ ते दहा अभ्यास. आधी एकट्याने, मग जोडीने, मग भाषा. जपानी शिकायला त्याला युटातल्या प्रोवो गावच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये जेमतेम नऊ आठवडे मिळाले आणि मग थेट रस्त्यावर. नऊ आठवड्यात काय येणार हो? जपानीत माणसाला निनगेन म्हणतात आणि गाजराला निनजिन, आणि हा पहिल्याच महिन्यात एका आजोबांना अगदी मनापासून सांगून आला की देवाचं सगळ्या गाजरांवर प्रेम आहे. आजोबा हसले नाहीत, मान हलवत ऐकून घेतलं आणि शेवटी हळूच बरोबर शब्द सांगितला. तो शब्द हा जन्मात विसरणार नाही.

जोडीदाराला हे लोक आपसात दोऱ्यो म्हणतात, जपानी शब्द आहे, सहकारी या अर्थाचा. नियम असा की दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेत आणि हाकेच्या अंतरावर राहायचं, 24 तास, बाथरूम सोडून एकटं कुठेच नाही, आणि जोडी आपण निवडायची नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, कधी जोडीदार बदलतो, कधी गावच बदलतं. विचार करा ना, ज्याच्याशी ना भाषा जुळते ना झोपेची सवय, त्याच्याबरोबर दिवसरात्र, आणि चिडलात तरी उठून बाहेर जायची सोय नाही. म्हणून आठवड्यातून एकदा दोघं बसतात आणि एकमेकांचं काय खटकतं ते तोंडावर सांगतात. आम्ही कॅमेरा बंद करून बाहेर थांबलो होतो, पण नंतर ओकिनावावाल्याने स्वतःच सांगितलं, मी त्याला म्हटलं की तू भांडी भिजवून ठेवतोस आणि विसरतोस, आणि तो म्हणाला की तू माझं जपानी दुरुस्त करतोस पण सगळ्यांसमोर करतोस. एवढंच. पण ते बोलायला त्यांना तीन आठवडे लागले होते.

(दृश्य: रस्ता. माणसाच्या उंचीएवढे बर्फाचे ढीग. दोन काळे ओव्हरकोट.)

दहा वाजता बाहेर. उन्हाळ्यात सायकल असते, हिवाळ्यात पायीच. बुटात आणि खिशात काइरो, म्हणजे ती गरम राहणारी छोटी पाकिटं. घर आलं की बेल, इंटरकॉमवरून आवाज, आणि मग तो शब्द, केक्को देस. नको, असू दे. पुढचं घर, केक्को देस. त्याच्या पुढचं, कोणी उचलतच नाही पण आत टीव्ही चालू असतो. आम्ही त्या सकाळी 43 दारं मोजली, चार उघडली, आणि त्यातल्या एकालाही आत या म्हणावंसं वाटलं नाही. नन्नाचा पाढा म्हणतात तो हा. तरी प्रत्येक दारासमोर हा पोरगा कमरेत वाकून नमस्कार करतो, इंटरकॉम बंद झाल्यावरसुद्धा. का करतोस म्हटलं, तर म्हणाला, तिने नको म्हणायला तरी काम सोडून उठावं लागलं ना.

लोकांचं दार न उघडणं मला अगदी समजतं. 20 मार्च 1995 ला टोकियोच्या मेट्रोत ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी सारिन वायू सोडला, तेव्हापासून दारात येऊन धर्म सांगणारा म्हटलं की जपानी माणूस दोन पावलं मागे सरतो. मग 8 जुलै 2022 ला माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याने युनिफिकेशन चर्च या धार्मिक पंथावरचा राग हे कारण सांगितलं आणि तो संशय आणखी पक्का झाला. या पोरांचा त्या दोन्हींशी काही संबंध नाही, पण दारामागच्या माणसाला ते कसं कळणार? आणि मी पण उघड सांगतो, दारोदार जाऊन आपला धर्म सांगणं मला पटत नाही. आजही पटत नाही. पण 19 व्या वर्षी रोज 40 नकार ऐकून 41 वी बेल त्याच अदबीने वाजवणारा पोरगा बघितला की माझ्या मतापलीकडचं काहीतरी तिथे दिसतं आणि ते तुम्हाला दाखवावं म्हणून हा व्हिडिओ.

जपानात यांना कधीच सोपं गेलेलं नाही. पहिले चौघं 12 ऑगस्ट 1901 ला योकोहामाला उतरले, म्होरक्या हीबर ग्रँट, आणि सगळ्यात लहान अल्मा टेलर, वय जेमतेम 19. इथे उणे 41 झालं ना, त्याच हिवाळ्यात तो खाली टोकियोकडे जपानी गिरवत होता. तो आठ वर्षांहून जास्त राहिला आणि बुक ऑफ मॉर्मन या त्यांच्या धर्मग्रंथाचं जपानी भाषांतर 1909 मध्ये छापून घेतलं. आणि एवढं करून 1924 पर्यंत बाप्तिस्मा किती जणांचा झाला, तर 166. 23 वर्षांत 166. त्या साली मिशन बंद करायचा निर्णय झाला तेव्हा चर्चचा अध्यक्ष कोण होता माहितीये? तोच हीबर ग्रँट. ज्याने दार उघडलं त्यानेच लावलं. काय वाटलं असेल त्याला. पुन्हा सुरुवात झाली ती महायुद्धानंतर, 1948 मध्ये.

आपल्याकडेही हे लोक येऊन गेलेत, फार कमी जणांना माहिती आहे. 1850 च्या दशकात ह्यू फिंडले नावाचा यांचा मिशनरी मुंबईत आणि मग पुण्यात होता, आणि तिथेही बहुतेक दारं बंदच मिळाली.

(दृश्य: गल्लीच्या टोकाचं लाकडी घर. एक आजीबाई, हातात पत्र्याचं मोठं फावडं.)

या घराकडे यायचंय म्हणून मी एवढा वेळ घाई करत होतो. बर्फ ढकलायचं हे जे रुंद फावडं आहे त्याला इथे मामासान डंप म्हणतात, घरातली बाई एकटीने वापरू शकेल असं. आजी 80 च्या पुढच्या, एकट्या, त्यांनी पाच वेळा केक्को देस म्हटलेलं. सहाव्या वेळी दोघांनी बेल वाजवलीच नाही, त्या बाहेरच होत्या, यांनी फावडं मागितलं आणि दारापासून रस्त्यापर्यंत वाट मोकळी केली, 40 मिनिटं लागली. आजी आत गेल्या आणि ट्रेमध्ये वाफाळता हिरवा चहा घेऊन आल्या.

आता पंचाईत बघा. यांच्या धर्मात चहा चालत नाही, कॉफी नाही, दारू-तंबाखू तर नाहीच. उणे 10 मध्ये राबलेल्या माणसाला कुणीतरी चहा दिलाय आणि तो नाही म्हणतोय, आपल्याकडे याला काय म्हणतील ते तुम्हाला सांगायला नको, आणि जपानातही तेच. ओकिनावावाल्याने अगदी खाली वाकून, जपानीतली सगळ्यात मऊ भाषा वापरून कारण सांगितलं. आजींचा चेहरा पडला. काही न बोलता ट्रे आत नेला. दोघं रात्रभर त्याच विषयावर बोलत होते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, पुन्हा बर्फ काढला, आणि आजी पुन्हा ट्रे घेऊन आल्या. या वेळी त्यात मुगीचा नावाचं पेय होतं. भाजलेल्या जवाचं पाणी, त्यात चहाची पत्ती नसते. शेजारणीला विचारून आणलं म्हणे. ज्या बाईने पाच वेळा दार उघडलं नाही ती, यांना काय चालतं ते विचारत गल्लीभर फिरली होती.

मग बटाटे निघाले. होक्काइदो म्हणजे जपानचं बटाट्याचं कोठार, आजींचं माहेर शेतकऱ्याचं, आणि हा आयडाहोचा. धर्माबद्दल बोलताना याची जीभ अडखळते पण बटाट्याला कोंब कधी आले, माती केव्हा लावायची, यावर तुटक्या जपानीत तासभर बोलला. आजींनी दानशाकू जातीचे बटाटे उकडून वर लोणी घालून दिले. ही जात 1908 च्या सुमाराला परदेशातून इथे आली, मूळची अमेरिकन, त्याच्या देशात आयरिश कॉब्लर म्हणतात. अल्मा टेलर भाषांतर करत बसला होता त्याच वर्षांत बटाटा आला आणि रुजला. चर्चचं नाव आजींसमोर त्या दिवशी निघालंच नाही, आणि मी विचारल्यावर एल्डर म्हणाला, त्यांना ऐकायचं असेल तर त्या विचारतील.

(दृश्य: संध्याकाळ. चॅपलच्या खोलीत फुकट इंग्रजी वर्ग, सात-आठ माणसं.)

संध्याकाळी आठवड्यातून एकदा इंग्रजीचा फुकट वर्ग, त्याला लोक येतात, धर्मासाठी नाही, इंग्रजीसाठी, आणि ते चालतं. रविवारी दोन तासांचं चर्च. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणं सोडून उपास, उपास म्हणजे खरंच काही नाही, पाणीसुद्धा नाही. सोमवार अर्धा सुट्टीचा, कपडे धुवायचे, किराणा, केस कापायचे, आणि घरी फोन. हा फोन फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला करता येतो. त्याआधी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला.

डिसेंबरच्या एका सोमवारी फोनवर वडिलांनी सांगितलं की आजोबा गेले. असं झालं तरी बहुतेक मिशनरी परत जात नाहीत. हा पण गेला नाही. त्या संध्याकाळी दोऱ्यो काही बोलला नाही, त्याला सुचलंच नाही काय बोलावं, त्याने भात लावला, वर अंडं घातलं आणि समोर ठेवलं. आणि याने भिजवून ठेवलेली भांडी घासून टाकली. सगळेच टिकतात असंही नाही, कोणी आजारी पडतं, कोणाचं मन खचतं, मुदतीआधी घरी परततात, आणि गावातले लोक विचारतात का रे लवकर आलास. त्या पोरांना तो प्रश्न नका विचारू हो. दोन वर्षांतले सात महिने काढणं पण खायचं काम नाही.

(दृश्य: रात्री साडेदहा. दिवा बंद. स्टोव्हची निळी ज्योत विझते.)

आमचं शूटिंग संपायच्या आदल्या शनिवारी बदलीचा फोन आला. आयडाहोवाल्याला कुशिरोला जायचंय, समुद्राकाठी, दिवसभराचा प्रवास. त्याच्या जागी टेक्ससचा एक नवा पोरगा, प्रोवोतून नुकताच सुटलेला, बर्फ आयुष्यात दोनदा बघितलेला. आम्ही निघालो त्या सकाळी ओकिनावावाला त्याला घेऊन गल्लीत फिरत होता, प्रत्येक दार दाखवत, इथे कुत्रा आहे, इथले काका रात्रपाळी करतात, दुपारनंतर यायचं. टोकाच्या लाकडी घरापाशी नव्याने बेलकडे हात नेला.

दोऱ्योने त्याचा हात धरला. म्हणाला, इथे बेल नाही वाजवायची. फावडं दाराच्या डाव्या बाजूला असतं.